मालनला विहिरीचा भरवसा नव्हता

तुमच्या घरात कमरेइतकं पुराचं पाणी शिरलं, ओसरलं, आणि आढ्याला टांगलेल्या शिंक्यातला भात मात्र कोरडा राहिला, तर तो तुम्ही खाल का? "खाऊ की, त्याला काय धाड भरलीय?" असं म्हणणार असाल तर जरा थांबा. तो भात कशात कालवणार? पान कुठल्या पाण्यानं धुणार? हात कुठे धुणार? इथवर आलं की बहुतेक माणसं गप्प होतात, नाहीतर विचारणाऱ्यावर खेकसतात. कल्याणला बंदराकडच्या आळीत एक बाई होती, ती असले प्रश्न रोज विचारायची. म्हणून ती कुणालाच आवडत नसे.

तिचं नाव मालन. दौलत हमालाची बायको. दौलत बंदरावर मचव्यांतून भाताची आणि मिठाची पोती उतरवायचा. मालन मूळची जुन्नरकडची. रेल्वेसाठी घाट फोडायचं काम निघालं तेव्हा तिचा बाप बायकापोरं घेऊन खाली उतरला. बाप सुरुंगाची भोकं पाडी, आई आणि मालन पाट्या वाहत. त्या तळावर एका पावसाळ्यात पटकी आली. मुकादम म्हणाला, वारा वाईट आहे. भगत म्हणाला, डोंगराचा देव कोपलाय. मालन लहान होती, पण आंधळी नव्हती. एकच ओढा होता. वरच्या अंगाला लोक हगत-ओकत मरत होते आणि खालच्या अंगाला लोक घागरी भरत होते. तिची आई गेली, पाठचा भाऊ गेला. त्यानंतर जन्मभर तिनं "कुठलं हाय?" असं विचारल्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही.

अशा बाईला आळीनं काय नाव द्यावं? फौजदारीण.

नाव खोटं नव्हतं. दुधासाठी ती गवळ्याला म्हैस दारात आणायला लावी आणि चरवी आधी स्वतः उपडी करून बघे. राघो वाण्याच्या दुकानात तांदूळ घेताना बाही सरकवून पोत्यात कोपरापर्यंत हात घाली आणि तळचे दाणे वर काढी.

"बाई, तांदूळ घेताय का झडती?" राघो म्हणायचा.

"वरचा तांदूळ गिऱ्हाइकाचा आन तळचा तुझा, ठाव हाय मला."

"मग दुसरीकडं जा की."

"दुसरीकडं काय हरिश्चंद्र बसलाय व्हय?"

आता खरं सांगतो, तिचे संशय पुष्कळदा फुकट जात. राघोच्या तेलात करडई मिसळलीय म्हणून तिनं भर बाजारात आरडाओरडा केला, आणि तेल चोख निघालं. शेजारणीनं दिलेले पातोळे तिनं वास घेऊन परत केले, त्यात काहीच नव्हतं, उलट वर्षभराचा अबोला पदरात पडला. ज्या माणसानं असा पन्नास ठिकाणी संशय उधळलेला असतो, त्याच्या खऱ्या संशयाला कोण विचारतो?

हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

श्रावणातली शिळासप्तमी त्या आळीत फार कडक पाळत. षष्ठीलाच सगळं रांधायचं, संध्याकाळी चूल सारवून थंड करायची, आणि सप्तमीचा अख्खा दिवस विस्तव म्हणून पेटवायचा नाही. त्या दिवशी शीतळादेवी चुलीत विसाव्याला येते, विस्तव केला तर ती भाजते आणि मग पोरांच्या अंगावर फोड उठतात. सकाळी बायका आळीच्या विहिरीवर जमत, पाण्याची पूजा करत, काकडीच्या पानावर दहीभाताचा नैवेद्य दाखवत. मग विहिरीचं पाणी घागरीत काढून त्यातलं पळीपळीभर तीर्थ प्रत्येक घरच्या भातात घालत. त्या भातावर सगळं घर जेवे.

विहीर गंगुबाईची. म्हणजे तिच्या सासऱ्यानं खणलेली. गंगुबाई विधवा, आवाजानं खणखणीत, हातानं मोकळी. आळीत कुणाचं बाळंतपण असो की भांडण, तिच्याशिवाय होत नसे. तिचा एकुलता मुलगा धोंडीबा, आणि सून उत्तरा नुकतीच बाळंत होऊन तान्हं पोर मांडीवर घेऊन बसलेली. तीर्थाची पळी गंगुबाईच्याच हातात असायची. त्या पळीत तिचा सगळा मान होता.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी षष्ठीला पहाटेपासून पाऊस धुवाधार लागला होता. बंदरावरचे लोक म्हणाले, भांगाचे दिवस आहेत, भरती लहान, खाडीला जोर नाही, पाणी चढायचं नाही. खाडीला जोर नव्हता हे खरं, पण वर घाटात काय कोसळतंय ते कुणी पाहिलं? बायकांनी ठरल्याप्रमाणे रांधलं, शिंक्यांत टांगलं, चुली सारवल्या. दिवेलागणीला नदी आळीत आली. लोक पोरं खांद्यावर घेऊन दुर्गाडीच्या टेकडीवर चढले आणि रात्रभर भिजत बसले.

सकाळी पाणी ओसरलं. घरोघरी घोट्याएवढा चिखल, मेलेल्या कोंबड्या, आळीमागचे शेतखाने फुटून त्यातला मैला इकडे तिकडे. मातीच्या चुली विरघळून गेलेल्या. आणि वर शिंक्यात भात जसाच्या तसा! बायकांना रडू आणि हसू एकदमच आलं. "देवीनंच राखला," एक म्हणाली. "आज चूल पेटवायचीच नव्हती, मग चूल वाहून गेली तर काय बिघडलं?" दुसरी म्हणाली. उपाशी माणसाला देवाचा अर्थ फार लवकर लागतो.

मालननं घरात पाय ठेवला तो फेकाफेकीलाच लागली. तळाला भिजलेलं तांदळाचं गाडगं उकिरड्यावर. लोणच्याची बरणी, तिचं फडकं चिंब होतं, तीही उकिरड्यावर.

"अगं ए, बरणीचं तोंड बांधलेलं होतं की!" दौलत कळवळला.

"फडक्यानं बांधल्यालं. फडक्याला काय दार हाय?"

"आणि शिंक्यातला भात? तो तर कोरडा आहे."

मालननं भात खाली घेतला, हुंगला, चिमूट दाबून पाहिली. रात्रभरच्या कोंदट हवेत तो चिकटायला लागला होता. "म्हशीला बी न्हाई घालायची," ती म्हणाली, आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. तिथं पूजेची तयारी चालली होती.

कठडा धुऊन पुसून त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. पण पलीकडच्या भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ होती, आणि ती रेघ कठड्याच्या वर होती. मालननं ती बघितली. गंगुबाई घागरीतल्या पाण्यात तुरटी फिरवत होती. गढूळ पाणी तळाला बसत चाललं होतं, वरचं पाणी हळूहळू स्वच्छ दिसत होतं.

"बघा, आरशासारखं झालं," गंगुबाई म्हणाली.

"आरशात त्वांड दिसतं मावशी, प्वाट न्हाई दिसत," मालन म्हणाली.

बायका वळल्या. कुणीतरी पुटपुटलं, "आली फौजदारीण."

"काय म्हणायचंय तुला?" गंगुबाईनं विचारलं.

"ती रेघ बघा. नदी ह्या हिरीत उतरून गेलीया. मागचे शेतखाने बी तिच्यासंगं उतरलं असत्याल. तुरटीनं माती बसंल. बाकीचं कुटं बसंल?"

"माझ्या विहिरीला शेतखाना म्हणतेस?"

"म्या म्हंत न्हाई. रेघ म्हंती."

"अगं घाटणी, माझ्या सासऱ्यानं खणलेली विहीर आहे ही. तुझ्या बापानं डोंगरच्या डोंगर खणले, लागलं का कुठं पाणी?"

"लागलं की. त्येच पिऊन माझी आई मेली."

एवढं बोलून ती रिकामी घागर घेऊन परत फिरली. मग गंगुबाईनं पळी उचलली आणि पूजा झाली. घरोघरच्या भातात तीर्थ पडलं. उपाशी पोरं जेवली. त्यांना नावं कोण ठेवणार?

पाऊस पुन्हा लागला, आणि मालनच्या दारात पागोळ्या धो धो पडत होत्या. पहिलं पाणी कौलांवरची घाण घेऊन येतं म्हणून तिनं ते वाहू दिलं, मग हंडा लावला. माळ्यावर गोवऱ्या होत्या, वरच्या थरातल्या कोरड्या. तीन विटा मांडल्या. ठकी, तिची पोर, भूक भूक करत लुगड्याला लोंबकळत होती. माळ्यावरच एका डब्यात पसाभर कोरडे तांदूळ होते. तिनं हंड्यातलं पाणी खळखळा उकळलं. आधी भांडी राखेनं घासून त्याच पाण्यानं विसळली, मग पेज घातली.

साऱ्या आळीत त्या दिवशी एकाच घरातून धूर निघत होता.

"अगं, दिसतोय सगळ्यांना!" दौलत दारातून आत, आतून दारात करत होता. "उद्या टोळीत मला कुणी पाठीला पोतं लावू देणार नाही."

"दिसू द्या. तुमी जेवा."

"देवी कोपली तर?"

"देवीला सांगा, बायकूनं केलं."

दौलत जेवला. पण दाराकडे पाठ करून जेवला, म्हणजे देवीला तोंड दिसायला नको.

तेवढ्यात मागच्या दारानं उत्तरा आली, पोराला पदराखाली धरून. मालननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुनी धाडलं तुला? मावशीनं? बघून ये म्हणाली आसंल."

"कुणी नाही धाडलं, मालनवहिनी." उत्तरा रडवेली झाली. "आत्याबाईंनी वाढलेला भात मला घशाखाली जाईना. वास येतोय की तुमचं बोलणं ऐकून मला तसं वाटतंय, तेच कळत नाही. कालपासून पोटात काही नाही, दूध आटायला लागलंय."

"वाडलेल्या भाताचं काय क्येलंस?"

"गाईला घातला."

मालनला तरी खरं वाटेना. तिनं पेज वाढली खरी, पण स्वतः समोर बसून राहिली, उत्तरा शेवटचा घोट घेईपर्यंत. जाताना उत्तरा म्हणाली, "कुणाला सांगू नका हं." मालन म्हणाली, "म्या न्हाई सांगायची. तूच सांगशील."

मग सुरू झालं ते वाट बघणं. तुम्ही असं दुहेरी वाट बघणं कधी पाहिलंय? आळी मालनच्या घराकडे बघत होती: ठकीच्या अंगावर फोड कधी उठतो. बायका काही ना काही निमित्तानं येऊन पोरीच्या कपाळाला हात लावून जात. आणि मालन आळीकडे बघत होती: कोणाच्या घरचा माणूस रातोरात परसाकडे धावतोय. बाहेरून सगळ्या एकमेकींना "बरं आहे ना?" विचारत. त्या विचारण्यात काळजी किती होती आणि दुसरं काय होतं, ते देवीच जाणे.

आधी तानाजी दोरवाला पडला. म्हातारा संध्याकाळी ओकला आणि दुसऱ्या दुपारपर्यंत आटोपला. मग आणखी दोन घरं. मग धोंडीबा, गंगुबाईचा एकुलता एक.

आता तुम्हाला वाटेल की आळीचे डोळे उघडले. छे! आळी, गंगुबाईसकट, मारुतीच्या पारावर जमली आणि म्हणाली, देवी कोपली. का कोपली? सप्तमीला धूर कुणी केला? घाटणीनं. झालं! ज्यांनी तीर्थ घेतलं ते आजारी पडले, म्हणून दोष तीर्थ न घेणारीवर. दौलतचं बिऱ्हाड हातगाडीवर घालून आळीबाहेर काढायचं ठरत आलं. बंदरावरच्या टोळीनं त्याला त्याच सकाळी परत पाठवलं होतं. घर जाणार, काम जाणार, आणि भर पावसात पोरीला घेऊन कुठं जायचं, हे मालनला माहीत नव्हतं. तरी ती पारावर आली. पदर खोचून आली.

"कोप हाय ना? मग मला एक सांगा," ती म्हणाली. "विस्तू म्या पेटवला. देवी आदी कुनाच्या घरी याला पायजे? माजी ठकी ही बगा, नाचतीया."

"देवी बघून घेते, घाई करत नाही," एक जण म्हणाला.

"बरं. मग आळीच्या टोकाला ज्येंला तुमी हिरीला हात लावू देत न्हाई, ती घरं? ती तर पागोळ्यांचं पानी प्याली. तितं कोन पडलं? सांगा की!"

तिथं कुणी विचारायला गेलंच नव्हतं. मुळात ती घरं मोजण्यात धरायची सवयच कुणाला नव्हती. मग एक जण ओरडला, "त्यांचं कशाला मध्ये आणतेस? तुझं बोल!" आणि पुन्हा गलका झाला. मुद्दा अडला की आपल्याकडे आवाज चढतो.

त्या गलक्यात उत्तरा पुढे आली. बाळंतीण, डोक्यावरून पदर, पार चढायचा तिला अधिकार नव्हता. खालीच उभी राहून ती म्हणाली, "आत्याबाई, सप्तमीला मी मालनवहिनींकडची पेज खाल्ली. तीर्थाचा भात मी गाईला घातला. मी बरी आहे. पोर बरं आहे. हे तेवढे पडले."

सगळ्यांच्या माना गंगुबाईकडे वळल्या.

बघा, इथं दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. गंगुबाई म्हणू शकली असती की सुनेनं बाटवलं म्हणून मुलगा पडला. आळीला तेच हवं होतं. काहींनी तोंडही उघडलं होतं. सून हाकलायची आणि विहीर वाचवायची, मानाचा व्यवहार सोपा होता. गंगुबाईनं उत्तराकडे बघितलं. मग मालनकडे बघितलं. मग उठली आणि विहिरीवर गेली. मागून सगळे.

तिनं रहाटाचा दोर सोडला, गुंडाळला आणि काखेत मारला.

"मावशी, पाणी कसं काढायचं?" कुणीतरी विचारलं.

"काढायचं नाही." ती मालनकडे वळली. "माझा तुझ्यावर भरवसा नाही, घाटणी. पण ह्या विहिरीवरही राहिला नाही. हंडा लाव. माझ्या धोंडीबासाठी कशी करतेस ती पेज, ते दाखव."

माझा एक संशय आहे, तो लिहूनच ठेवतो. मला वाटतं, गंगुबाईला आधीच कळलं होतं. पुढं उत्तरानंच मला सांगितलं की सप्तमीच्या दुसऱ्या सकाळी आत्याबाईंनी तीर्थाच्या घागरीच्या तळाशी नाक नेलं होतं, आणि मग ती घागर परसात नेऊन कुणाला न दाखवता उपडी केली होती. तरी ती गप्प राहिली. का राहिली, ते उत्तराला विचारायची माझी छाती झाली नाही. पण तानाजी दोरवाल्याचा विचार मनात येतोच. मान माणसाला किती दिवस गप्प ठेवतो आणि त्याची किंमत कोण देतं, हा हिशेब आपल्याकडे कुणी मांडत नाही.

मालननं हंडा लावला. उकळलेल्या पाण्याची पातळ पेज, त्यात मीठ आणि गुळाचा खडा, चमच्या-चमच्यानं. ती धोंडीबाच्या उशाशी बसली, तरी दर वेळी "ह्ये भांडं कुनी धुतलं?" म्हणून विचारीच. गंगुबाई दात खाई आणि भांडं पुन्हा धुई. धोंडीबा वाचला. त्या दोन घरांतला एक वाचला, एक गेला. पेज काही संजीवनी नव्हे, आणि मालनही कधी तसं म्हणाली नाही. दौलतची टोळी चार दिवस फुगून बसली, मग पोती आली तशी त्याला घेऊन मोकळी झाली.

पाऊस उघडल्यावर विहीर उपसली. तळाशी काय काय निघालं ते इथं सांगत नाही. वाचणाऱ्यानं जेवायला बसायचं असेल. चुना टाकला, पुन्हा भरू दिली, पुन्हा उपसली. मगच गंगुबाईनं दोर परत बांधला.

तुम्ही म्हणाल, मग त्या दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या असतील. कशाच्या! गंगुबाई सणावाराला ताट धाडी आणि मालन ते दारातच हुंगे, धाडणारीच्या समोर. "विष घालायचं असतं तर तेव्हाच घातलं असतं," गंगुबाई म्हणे. "तवा घातलंच हुतं," मालन म्हणे. पण पाणी चढलं की आळी आता मालनच्या दारात येई. काय टाकायचं, काय भाजून ठेवायचं, कुठलं भांडं उकळायचं, ते ती सांगे, आणि सांगताना प्रत्येकीला एकदा तरी चोर ठरवी.

शिळासप्तमी मोडली नाही. आजही त्या आळीत सप्तमीला चूल थंड असते. फक्त षष्ठीच्या रांधण्यात आता एक हंडा पाणीसुद्धा रांधतात, झाकून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशीचं तीर्थ त्याच हंड्यातलं. देवीनं अजून तक्रार केलेली नाही.

मालन मी पाहिली ती म्हातारपणी. डोळ्यांना कमी दिसे, नाक शाबूत होतं. मी पाणी मागितलं तर म्हणाली, "कुटनं आलास? वाटंत काय प्यालास?" आधी माझीच झडती. आता डॉक्टर मंडळी म्हणतात की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. असतील. मी काही पाहिले नाहीत, आणि साहेबाच्या भिंगाच्या नळीतून ज्यांनी पाहिले त्यांच्यावरही मी लगेच विश्वास टाकत नाही. पण उकळलेलं पाणी पिऊन कुणी पटकीनं मेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. एवढं मला पुरे आहे.

तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं आहे. यंदा नदी कुठंही चढो, टिटवाळ्याला, खडवलीला, नाहीतर तुमच्या दारात. पाणी ओसरलं की भुकेची घाई करू नका. घरात काही शिजवायच्या आधी पाणी खळखळून उकळा, आणि मग शेजारणीच्या दारात जाऊन तिलाही उकळायला सांगा. ती चिडेल, तुम्हाला नावं ठेवील. ठेवू द्या, पण सांगितल्याशिवाय परत येऊ नका.